अंधारातलं वाचन

देवमन खंडारेच्या आवाजाबद्दल जऊळका गावात दोन मतं नव्हती. स्वभावाबद्दल होती, आणि त्यातलं एकही फारसं बरं नव्हतं. उभी हयात रेल्वेत गँगमन म्हणून गेलेली. वाऱ्यापावसात लांबच्या सोबत्याला हाक मारायची सवय. त्यामुळे घरात त्यानं मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. पण हाच आवाज पावसाळ्यात विहारात बुद्धाच्या धम्माचा ग्रंथ वाचायला बसला की असा मऊ आणि भरदार व्हायचा की मागच्या रांगेत पेंगणारी माणसंही जागी व्हायची. काही व्हायची नाहीत, पण त्यांना कोणीच जागं करू शकलं नसतं.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, ही वस्तीची रीत. माणसं शेतातून, मजुरीवरून, ऑफिसातून येतात, हातपाय धुतात, पांढरे कपडे अंगावर चढवतात आणि सतरंजीवर येऊन बसतात. त्रिसरण-पंचशील होतं आणि मग चौरंगावरचा ग्रंथ उघडतो. तो उघडणारा हात गेली तीसेक वर्षं देवमनचा होता. विहार समितीचे अध्यक्ष पंजाबराव, देवमनचे लहानपणापासूनचे दोस्त, यांनी एकदा माईक आणायचा विषय काढला होता. देवमननं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की पंजाबरावांनी त्या पैशांत पंखे घेतले.

आता खरी गोष्ट. या वर्षी देवमनला ग्रंथातलं अक्षर दिसत नव्हतं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे मागेच काढून झाले होते. तरी या उन्हाळ्यात अक्षरं चावटपणा करायला लागली. ज्या शब्दाकडे बघावं तोच नाहीसा, आणि बाजूचे मात्र जागच्या जागी. कोणाला सोबत न घेता तो रेल्वेच्या पासावर गाडीत बसून वाशिमला गेला. डॉक्टरनं डोळ्यांत औषध टाकलं, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली आणि म्हणाला, "बाबा, डोळ्याचा आतला पडदा झिजलाय. वयानं होतं हे. कडेकडेनं तुम्हाला दिसत राहील, चालाल-फिराल. पण मधलं गेलं ते परत येत नाही. वाचनाचा नाद सोडा आता." तंबाखू सोडा म्हणावं तितक्या सहज सांगितलं त्यानं. तंबाखू देवमननं त्याच दिवशी सोडली असती.

"काय म्हने डाक्तर?" घरी चतुराबाईनं विचारलं. ही त्याची बायको.

"नंबर वाढला म्हने," देवमन म्हणाला आणि बैल बांधायला गेला. बैल विकून चार वर्षं झाली होती.

का लपवलं, हे त्याला विचारलं असतं तर तो खेकसला असता. पण कारण साधं होतं. म्हातारपणी माणसाच्या हातून एकेक वस्तू सुटत जाते. नोकरी गेली, मग सायकल गेली, मग शेताचा कारभार मुलाकडे, विनोदकडे गेला. उरला होता तो चौरंग. पावसाळ्याचे तीन महिने संध्याकाळी लोक त्याची वाट बघायचे. तोही गेला तर आपण म्हणजे नुसताच एक बुढा, भिंतीला टेकून खोकणारा, असं त्याला वाटायचं, आणि त्या विचारानं त्याला झोप यायची नाही.

आणि इलाज त्याच्यापाशी होता. इतकी वर्षं वाचून ग्रंथ तोंडपाठ झाला होता. सकाळी शेताच्या धुऱ्यावरून चालताना तो संध्याकाळचा भाग पुटपुटून घ्यायचा. विहारात डोळे मिटून, मान ग्रंथावर झुकवून म्हणायचा आणि अंदाजानं पान उलटायचा. कुठं अडलंच तर दोन वाक्यं पदरची घालून पुढचं टोक पकडायचा. महिनाभर बेमालूम चाललं.

मग श्रावणात एका संध्याकाळी पत्र्यावर पाऊस असा कोसळला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. देवमननं आवाज चढवला आणि वाचन तडीस नेलं. शेवटी "साधू, साधू, साधू" झालं, पण रोजच्यासारखी गडबड करत कोणी उठलं नाही. देवमनला वाटलं, आज वाचन फारच लागलं लोकांना.

घरी जाताना एका छत्रीत दोघं. चतुराबाईनं वाटेतलं डबकं ओलांडलं. मग म्हणाली, "अवो, लाईट गेली तवा तुमी काय वाचून राह्यले होते?"

देवमन थांबला. "लाईट? लाईट कवा गेली?"

"मंधातच गेली. पार शेवटाले आली. सारे अंधारात बसून, अन् तुमचं आपलं सुरूच. तुमी पान भी पालटलं."

"पान भी पालटलं?"

"दोनदा."

देवमननं छत्री मिटली. तिनं ती काढून घेतली. मग तिथेच, भिजत, त्यानं तिला वाशिमच्या डॉक्टरचं सगळं सांगून टाकलं. चतुराबाईला राग आला. डोळ्यांचा नाही, लपवल्याचा.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुले सांगून काय होनार होतं?"

"काई नाई," ती म्हणाली. "दोघं मिळून खोटं बोललो असतो."

देवमन तिच्या बाजूला जरा जास्त सरकून चालायला लागला. लग्नाच्या पन्नास वर्षांत तो एवढ्या जवळून चालला नसेल.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण गावाला तोंड असतं. अंधारात देवमन खंडारे ग्रंथ वाचतो, ही बातमी सकाळी दुधाच्या गाडीबरोबर वस्तीबाहेर पडली आणि चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत तिनं चांगलं अंग धरलं. दहाच्या सुमाराला दुर्गाबाई दारात उभी. गावाच्या वरच्या अंगाला राहणारी, घरची वीस एकर सोयाबीन, बाई मनानं चांगली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चष्मा.

"देवमनभाऊ, साऱ्या गावात बोलून राह्यले. म्हने तुमाले अंधारात अक्षर दिसते. आमच्या मुन्नाचा नंबर दरसाल वाढून राह्यला. हा त्याचा जुना चष्मा हाये. एक डाव हात फिरवा यावर." आणि ती वाकून त्याच्या पाया पडली.

खोटं कशाला सांगायचं, क्षणभर देवमनला बरं वाटलं. अगदी क्षणभर. मग अंगावर पाल पडल्यासारखे त्यानं पाय मागे घेतले.

कारण हा देवमन कोण? त्याचा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते घरातले देव नदीत सोडायचं. चमत्कार मानणार नाही, हे पोरांना त्यानं पाढ्यांबरोबर शिकवलं. आणि पोरगं असं निघालं की नोकरीत असताना स्टेशनवर एक बाबा पेटता कापूर जिभेवर ठेवून लोकांना नमस्कार करायला लावत होता, तर ड्यूटीवरच्या देवमननं तिथल्या तिथे पेटता कापूर स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि "हे पाहा, मी भी बाबा!" म्हणून ओरडला. पुढे काही दिवस त्याला चहाची चव कळली नाही ते वेगळं, पण बाबा पुढच्या गाडीनं गेला. त्या देवमनच्या पायाशी आज नारळ आला होता.

"दुर्गाबाई, उठा. मले काई दिसत नाई. डोये गेले माह्ये."

"तेच त!" दुर्गाबाईचे डोळे मोठे झाले. "दिसत नाई अन् वाचता! हे त अजून मोठं झालं!"

"अवं, पाठ हाये मले!"

"एवढा मोठा ग्रंथ? कोनाले पाठ राह्यते?" तिनं हात जोडले, नारळ ओट्यावर ठेवला आणि चष्मा त्याच्या हाताला आपणच लावून निघूनही गेली.

दुपारी पंजाबराव आले. आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "लेका, आपल्या विहारात चमत्कार! बाजूच्या गावचे लोकं फोन करून राह्यले, केव्हा येऊ म्हने पाहाले. समिती काय तोंड दाखवीन?"

"मंग सांगून टाक न साऱ्याइले."

"काय सांगू? देवमनले दिसत नाई? मंग लोकं म्हनतीन, वाचनारा बदला." पंजाबराव जवळ सरकले. "मी काय म्हनतो, तू गप राह्य. आठ दिवसांत इसरतीन सारे. पाठ म्हन, पान पालट, आपलं सुरू ठेव. तुह्यावानी आवाज कोनाचा हाये?"

दोस्तानं दोस्तीतच सांगितलं होतं, आणि देवमनला नेमकं तेच ऐकायचं होतं. गप्प राहिलं तर चौरंग शाबूत. बोललं तर गेला. पण गप्प राहायचं म्हणजे रोज एका खोट्यावर बसून खऱ्याचा ग्रंथ सांगायचा, आणि दारात नारळ घ्यायचे. तो बाजेवर पडून राहिला. जेवला नाही.

चतुराबाईनं ताट झाकून ठेवलं. "मी तुमाले काई सांगत नाई, काय करा ते," ती म्हणाली. "पन हा नारळ आपल्या घरात नको." तो तिनं सुनेच्या, निताच्या हाती दुर्गाबाईकडे परत पाठवला. दुर्गाबाईनं प्रसाद आला म्हणून तो फोडून साऱ्या घराला वाटला. आता बोला.

संध्याकाळी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तीतली माणसं तर होतीच, दाराशी वरच्या गल्लीतली होती, परगावची होती, आणि पुष्कळ जणांच्या हातात मोबाईल वर धरलेले होते. इतक्या वर्षांत एवढी गर्दी देवमनच्या वाचनाला कधी झाली नव्हती. त्रिसरण-पंचशील झालं. देवमन चौरंगापुढे बसला, ग्रंथ उघडला, घसा साफ केला. आणि कोणीतरी मागून बटण दाबलं.

काळोख झाला. मूर्तीपुढच्या मेणबत्त्यांचा काय उजेड असेल तेवढाच. कुजबुज झाली, मग ती थांबली. मोबाईल आणखी वर झाले. देवमनच्या जिभेवर पहिली ओळ तयार होती. ती नुसती सोडून द्यायची होती. जन्मभराची सोय झाली असती. लोकांनी खांद्यावर घेतलं असतं.

त्यानं ग्रंथ मिटला.

"लाईट लावा," तो त्याच्या रेल्वेतल्या आवाजात म्हणाला. दोन लहान मुलं रडायला लागली. "ज्यानं बंद केली त्यानंच लावावी."

लाईट लागली.

"मले अक्षर दिसत नाई," देवमन म्हणाला. "उन्हायापासून दिसत नाई. डोयाचा पडदा झिजला. याले औषध नाई. मी वाचत नव्हतो, पाठ म्हनत होतो, अन् तुमाले वाचतो असं दाखवत होतो. यात चमत्कार काई नाई. लबाडी हाये." त्यानं पाणी मागितलं, प्यायला. "अन् जिथं इसरलो तिथं पदरचं घातलं. परवा ते म्हशीचं उदाहरन तुमाले लय आवडलं होतं न? ते ग्रंथात नाई. ते माह्यं हाये."

मग पुढच्या रांगेतली धुरपताबाई, वस्तीतली सगळ्यात म्हातारी, म्हणाली, "मले वाटलंच होतं. भगवान बुद्धाले म्हशीचं एवढं कुठून मालूम!"

आणि विहार हसला. दाराशी उभे असलेलेही हसले, मोबाईल खाली झाले, पाहुण्यांतले निम्मे आल्या पावली परत गेले. चमत्कार नाही म्हटल्यावर थांबायचं कशाला? देवमनही हसला, पण त्याचा हात अजून ग्रंथावरच होता. तो काढायचं धाडस होत नव्हतं.

"मंग पाठच म्हन न," पंजाबराव म्हणाले. "आता त साऱ्याइले मालूम झालं."

"नाई. ग्रंथ समोर ठेवून खोटी पानं पालटनं झालं तेवढं झालं. ज्याले दिसते त्यानं वाचावं."

"काका, याच्यात हा ग्रंथ आवाजासकट हाये," बँकेत असलेला अनुप मोबाईल काढत म्हणाला. "लावू काय?"

"अन् साधू साधू त्या डबीले म्हनाव काय?" धुरपताबाईनं विचारलं. अनुपनं मोबाईल खिशात ठेवला.

तेव्हा देवमननं बायकांच्या बाजूला तोंड केलं. "चतुरा, ये."

चतुराबाईनं आधी मागे वळून बघितलं, दुसरी कोणी चतुरा आहे का म्हणून. ती शाळेत गेली नव्हती. साक्षरतेचे वर्ग निघाले होते तेव्हा दिवसभर निंदण करून रात्री कंदिलाशी बसून ती अक्षरं शिकली. तेव्हापासून खताच्या पिशव्या, एसटीच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, जे समोर येईल ते ती त्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. आणि इतकी वर्षं, तिचं बोट शब्दाच्या अर्ध्यावर पोचायच्या आत, देवमन उरलेला शब्द म्हणून मोकळा व्हायचा. त्याला वाटायचं, आपण मदत करतो.

"माह्यानं नाई होत," ती म्हणाली. "मी एकेक अक्षर लावतो."

"लाव."

"लोकं हासतीन."

"आत्ताच माह्यावर हासून झाले. आता थकले असतीन."

ती आली. देवमन उठला. उठताना गुडघ्यापेक्षा दुसरंच काहीतरी दुखलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच तो सतरंजीवर, ऐकणाऱ्यांत बसला. इथून चौरंग बराच उंच वाटतो, हे त्याला आज कळलं.

चतुराबाईनं पदर सावरला, चष्मा पुसला, ग्रंथावर बोट ठेवलं. आणि वाचायला लागली. एक शब्द, मग थांबा. मग दुसरा. जात्यात मूठमूठ दाणे टाकावेत तसं. आवाज बारीक, गोडवा म्हणावा तर नाही. ती एका ओळीच्या मध्यावर असायची तेव्हा देवमन मनात पान संपवून बसलेला असायचा. पण हळूहळू बाया पुढे सरकायला लागल्या. भिंतीशी टेकणारे ताठ झाले.

"हं," धुरपताबाई म्हणाली, आणि ती कधीच हळू बोलत नसे, "आता समजून राह्यलं. देवमन वाचे तवा पाऊस पडल्यावानी वाटे. अंग भिजे, पन हाती काई लागे नाई."

हे देवमनला लागलं. चांगलंच लागलं. तीस वर्षं! मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्यालाही आज काहीतरी नवीन ऐकू येतंय. जी वाक्यं तो धाडधाड म्हणत गेला होता, ती एकेकटी समोर येऊन उभी राहत होती आणि त्यांच्याकडे बघायला वेळ मिळत होता.

आणि मग तो शब्द आला. प्रतीत्यसमुत्पाद. भले भले पदवीवाले तिथे अडखळतात. चतुराबाईचं बोट थांबलं. "प्र," ती म्हणाली. "ती." पुढचं जोडाक्षर तिला उलगडेना. तिनं चष्मा वर-खाली केला. परत सुरुवातीपासून लावलं, परत तिथेच अडली. पंजाबरावांनी देवमनला कोपरानं ढोसलं, सांग की. सगळी वस्ती देवमनकडे बघत होती. शब्द त्याच्या ओठांवर आलेला होता, अख्खा, काना-मात्रेसकट. जन्मभराची सवय त्याला आतून ढकलत होती.

देवमननं ओठ दाबून धरले. एवढं जड काम त्यानं रेल्वेतही केलं नव्हतं.

"त्य," चतुराबाई म्हणाली. "प्रतीत्य. स. समु. समुत्पाद." मग तिनं दम घेतला आणि पूर्ण शब्द एका झटक्यात म्हटला, जरा जास्तच मोठ्यानं, आणि बोट पुढच्या शब्दावर नेलं. देवमनची छाती अशी भरून आली की त्याला सदऱ्याचं वरचं बटण काढावं लागलं. बायको शिकली तेव्हा त्याला जो अभिमान वाटायला हवा होता, तो आज वाटला.

वेळ संपेपर्यंत दीड पान झालं. देवमनच्या चालीनं आठ-दहा तरी झाली असती. पंजाबराव अध्यक्ष होते, त्यांना हिशोब करणं भाग होतं. ते देवमनच्या कानाशी वाकले.

"या चालीनं अश्विन पौर्णिमेले काई ग्रंथ संपत नाई, लेका. चौदा एप्रिलची जयंती उजाडीन."

"उजाडू दे," देवमन म्हणाला. "आपल्याले कोनती गाडी पकडायची हाये?"